समाजमाध्यमं बाजूला ठेवून स्वतःचा ब्लॉग: डोमेनपासून फीडपर्यंत

फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर लिहिलेला मजकूर आपला असतो, पण तो ज्या पत्त्यावर राहतो तो पत्ता आपला नसतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९मध्ये. मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमाने २०१९मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना तीन वर्षांहून जुनी गाणी, छायाचित्रं आणि व्हिडिओ गमावले गेले. मात्र नुसता ब्लॉग काढला म्हणून यातून सुटका होत नाही. जिओसिटीजवरची वैयक्तिक पानं २००९मध्ये गेली आणि पोस्टरस ही ब्लॉगसेवा एप्रिल २०१३मध्ये मिटली. तिथेही लोक मन लावून लिहीत होतेच.

म्हणून ब्लॉगची सुरुवात थीम, म्हणजे तयार रूपडं, निवडण्यापासून करू नका. टिकाऊ ब्लॉगला तीन गोष्टी लागतात: तुमच्या नावावरचा पत्ता, मजकुराची तुमच्याजवळची प्रत आणि वाचकापर्यंत थेट पोहोचणारी फीड, म्हणजे नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी. बाकीचं सगळं, म्हणजे सॉफ्टवेअर, रंग, मांडणी, कधीही बदलता येतं. या तिन्हींतलं एखादं राहून गेलं तर मात्र तीन-चार वर्षांनी ते महागात पडतं.

पहिली पायरी: डोमेन

डोमेन म्हणजे ब्लॉगचं कायमचं नाव. ते विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळतं, आणि डॉट कॉमसारखी डोमेनं एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतात. नोंदणी करताना पहिल्या वर्षाची सवलत बघू नका, नूतनीकरणाचा दर बघा. सवलत एकदाच मिळते, नूतनीकरण दरवर्षी येतं.

नाव निवडताना एक साधी चाचणी करा. ते फोनवर सांगून बघा. समोरच्याला स्पेलिंग विचारावं लागलं, मध्ये आडवी रेघ आहे का, दोनदा ‘ए’ आहे का असं समजवावं लागलं, तर दुसरं नाव शोधा. आजच्या आवडत्या विषयाचं नाव डोमेनला देऊ नका, विषय बदलतात. देवनागरीत डोमेन घेता येतं, पण अनेक ठिकाणी तो पत्ता चिकटवला की ‘एक्सएन’ने सुरू होणारी अगम्य अक्षरमाळ दिसते आणि वाचकाला ती फसवी लिंक वाटते. मुख्य पत्ता रोमन लिपीत ठेवा, देवनागरीतला हवाच असेल तर तिकडून इकडे वळवा.

नोंदणीच्या वेळी पुढच्या चुका सर्रास होतात. डोमेन मदत करणाऱ्या मित्राच्या नावावर नोंदवलं जातं आणि पुढे मित्राशी संपर्क तुटतो. संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा दिला जातो. मग डोमेन बंद पडलं की ते चालू करण्याचा ईमेलही तिथेच अडकतो. पडताळणीच्या ईमेलकडे दुर्लक्ष होतं. १५ दिवसांत तपशिलांची खातरजमा केली नाही तर डोमेन निलंबित होऊ शकतं. स्वयंचलित नूतनीकरण चालू असतं, पण त्याला जोडलेल्या कार्डाची मुदत संपलेली असते.

मुदत संपली तरी डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग ही नावं लगेच जात नाहीत. नोंदणीदाराच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, धोरणानुसार शून्य ते ४५ दिवसांची सवड असते, मग ३० दिवस जादा शुल्क भरून सोडवून घेता येतं, नंतरचे ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग नाव कुणालाही खुलं होतं. चांगली नावं टपून बसलेल्या यंत्रणा त्याच क्षणी उचलतात. म्हणून नोंदणीदाराच्या खात्याला द्विस्तरीय सुरक्षा लावा आणि मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये टाका. नोंदणीत पत्ता आणि फोन लपवण्याची सोय बहुधा असते, असेल तर तीही चालू करा.

दुसरी पायरी: ब्लॉग ठेवायचा कुठे

मार्ग ढोबळमानाने तीन आहेत.

पहिला, तयार सेवा: ब्लॉगर, वर्डप्रेस डॉट कॉम, घोस्टची सशुल्क सेवा. अर्ध्या तासात ब्लॉग उभा राहतो. ब्लॉगर १९९९पासून आहे, त्याला स्वतःचं डोमेन जोडायला वेगळे पैसे लागत नाहीत. पण ते गूगल खात्याला बांधलेलं आहे, खातं गेलं की ब्लॉगही गेला. वर्डप्रेस डॉट कॉमवर स्वतःचं डोमेन जोडायला सशुल्क योजना घ्यावी लागते.

दुसरा, भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःचं वर्डप्रेस. २००३पासूनचं हे मुक्त सॉफ्टवेअर वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं. डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग यांत नवखे हमखास गोंधळतात: पहिली सेवा आहे, दुसऱ्या ठिकाणी सॉफ्टवेअर मिळतं. इथे सगळं हातात असतं, आणि सगळ्याची जबाबदारीही. वर्डप्रेसवरची घुसखोरी बहुतेक वेळा जुन्या, अद्ययावत न केलेल्या प्लगइनमधून, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमधून होते. प्लगइन चार-पाचांवर जाऊ देऊ नका, आणि वापरात नसलेलं नुसतं बंद करू नका, काढूनच टाका.

तिसरा, स्थिर संकेतस्थळ. जेकिल, ह्यूगो किंवा इलेव्हंटी ही साधनं तुमच्या साध्या मजकुराच्या फाइलींपासून तयार पानं बनवतात. डेटाबेस नाही, त्यामुळे हॅक होण्यासारखं जवळजवळ काही नाही. गिटहब पेजेस या सेवेवर अशी पानं फुकट ठेवता येतात. संकेतस्थळाचा आकार १ जीबीपर्यंत आणि महिन्याची वाहतूक साधारण १०० जीबीपर्यंत चालते, वैयक्तिक ब्लॉगला हे भरपूर झालं. पण कमांड लाइनची, म्हणजे संगणकाला टंकून आज्ञा देण्याची भीती वाटत असेल तर या वाटेला पहिल्याच दिवशी जाऊ नका. साधन जुळवण्यात महिना जातो आणि लिहिलेलं एक अक्षर नसतं, हा या मार्गाचा नेहमीचा शेवट.

ज्यांनी हा मार्ग घेतलाय त्यांच्यासाठी एक खाचखळगा: ‘नोंद (ब्लॉगवरचा लेख) लिहिली, चढवली, पण दिसतच नाही.’ कारणं सहसा तीनच. नोंदीवर ‘मसुदा’ अशी खूण राहिलेली असते. जेकिलमध्ये फाइलच्या नावाच्या सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस नसतो. किंवा तारीख भविष्यातली ठरते. तिसरं कारण फसवं आहे. पानं तयार करणारा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, तुमचं घड्याळ त्याच्या पुढे असतं. सकाळी टाकलेली नोंद त्याच्या लेखी अजून घडायची असते, म्हणून तो ती वगळतो. सेटिंगमध्ये आपला टाइमझोन लिहा, नाहीतर तारखेसोबत वेळेतला फरकही द्या.

कोणताही मार्ग घ्या, निवड पक्की करण्याआधी एक परीक्षा घ्या. दोन खोट्या नोंदी लिहा, एकात चित्र घाला, मग सगळं निर्यात करा आणि आलेली फाइल उघडून बघा. मजकूर वाचता येतोय का? तारखा आहेत का? जिथून सामान बाहेर काढता येत नाही तिथे सामान ठेवू नये.

डोमेन जोडताना

डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या यादीत, नोंदी बदलायच्या असतात. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या पत्त्यासाठी सहसा ‘सीनेम’ नोंद लागते, तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या मूळ डोमेनला ती देता येत नाही म्हणून तिथे ‘ए’ नोंद लागते. सेवेच्या मदतपानावरची मूल्यं जशीच्या तशी उतरवा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो नोंदणीदाराने आधीच घालून ठेवलेली जाहिरातपानाची ‘ए’ नोंद काढायची राहिल्याने. मग ब्लॉग कधी दिसतो, कधी जाहिरातपान, आणि सुरक्षा प्रमाणपत्रही मिळत नाही. बदल पसरायला काही मिनिटांपासून दोन दिवस लागू शकतात, तेवढ्यात दर पाच मिनिटांनी नोंदी बदलत बसलात तर काय चुकलं तेच कळेनासं होतं. एकदा नीट भरा आणि थांबा. ब्लॉग एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीने, उघडू लागला की तेच सक्तीचं करा.

तिसरी पायरी: लेखांचे पत्ते, आणि देवनागरीची गोम

पहिली नोंद प्रसिद्ध करण्याआधी लेखांच्या पत्त्यांची घडण ठरवा. नंतर बदलली तर लोकांनी दिलेल्या सगळ्या लिंक तुटतात.

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधल्या ‘पर्मालिंक्स’मध्ये (लेखांचे कायमचे पत्ते) लेखाच्या नावावरून पत्ता बनवणारा पर्याय घ्या. मग प्रत्येक लेखाचा पत्ता हाताने, रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांत लिहा. कारण असं: अक्षरं संगणकात साठवण्याच्या, युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची ९ अक्षरं. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे ‘वाचनालय’ एवढा शब्दच ६३ अक्षरं खातो. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरंच देतं, म्हणून साधारण २२ चिन्हांनंतर मराठी शीर्षक मध्येच छाटलं जातं. शिवाय असा पत्ता ईमेलात चिकटवला की टक्केचिन्हांची रांगच्या रांग उमटते.

ब्लॉगरची तऱ्हा वेगळी. तिथे शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर त्यातलं काहीच पत्त्यात येत नाही आणि सगळ्या नोंदी ‘ब्लॉग-पोस्ट’ व पुढे आकडे अशा एकाच छापाच्या होतात. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पर्यायांत स्वतःचा पर्मालिंक द्या.

दिसण्याबद्दल थोडकंच

साधी, एका स्तंभाची थीम घ्या. मजकूर १८ ते २० पिक्सेल, ओळींमधलं अंतर १.६ ते १.८ पट, इंग्रजीसाठी पुरणारं १.४ देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांवर चढवतं. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरपी अक्षरंही टाळा, बहुतेक देवनागरी फॉन्टना खरी तिरपी अक्षरं नसतात आणि ब्राउझर सरळ अक्षरंच ओढून तिरकी करतो. संकेतस्थळाची भाषा मराठी अशी नोंदवा. काही फॉन्ट त्यावरूनच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात, आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरलाही कोणत्या भाषेत वाचायचं ते त्यामुळेच कळतं.

चित्रं १२०० ते १६०० पिक्सेल रुंदीची, जेपेग ७५-८० दर्जाची किंवा वेबपी स्वरूपात करून चढवा. फोनमधून थेट टाकलेलं छायाचित्र ४-५ एमबीचं असतं आणि त्यात ते कुठे काढलं त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. समाजमाध्यमं ही माहिती सहसा काढून मग चित्र दाखवतात. स्वतःच्या संकेतस्थळावर ते काम तुमचं. घरात काढलेल्या फोटोतून घराचा पत्ता जगजाहीर व्हायला नको.

चौथी पायरी: फीड

फीड ही ब्लॉगची सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत कामाची गोष्ट. आरएसएस हे फीडचं रुळलेलं स्वरूप १९९९मध्ये आलं. वाचक आपल्या फीडवाचकात, म्हणजे फीड गोळा करून दाखवणाऱ्या ॲपमध्ये, तुमचा पत्ता टाकतो, त्यानंतर तुमची प्रत्येक नोंद त्याला कालक्रमाने मिळते. मध्ये कोणताही अल्गोरिदम नाही. गूगल रीडर हे लोकप्रिय फीडवाचक १ जुलै २०१३ला बंद झालं तेव्हा आरएसएस संपलं असं पुष्कळांनी धरलं, पण पॉडकास्टचं बरंचसं जग आजही आरएसएसवर चालतं. फीडली, इनोरीडर, नेटन्यूजवायर, थंडरबर्ड यांतलं काहीही वाचकाला चालेल.

वर्डप्रेस, ब्लॉगर आणि घोस्ट फीड आपोआप बनवतात. तुम्ही करायचं ते एवढंच:

वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये फीडमध्ये पूर्ण मजकूर द्या, सारांश नको. ‘पुढे वाचा’ करून वाचकाला संकेतस्थळावर ओढण्याची सवय जाहिरातवाल्यांची आहे. तुम्हाला वाचला जाणं हवंय. त्याच पानावर शोधयंत्रांना मज्जाव करणारी चौकट आहे. ब्लॉग उभारताना तिच्यावर खूण केलेली असते आणि ती काढायची राहते, मग वर्षभर गूगलवर ब्लॉग सापडत नाही.

फीडची लिंक पानावर शब्दांत लिहा. नुसतं नारिंगी चिन्ह आता फार लोकांना कळत नाही. ‘हा ब्लॉग फीडवाचकात घ्या’ असं लिहून खाली दोन ओळींत ते काय असतं ते सांगा.

आणि स्वतः एक फीडवाचक वापरायला लागा. त्यात आपलीच फीड टाका, म्हणजे मोडकी चित्रं, दोनदा आलेली नोंद वगैरे वाचकाआधी तुम्हाला दिसेल. मग आवडते १५-२० ब्लॉग टाका. समाजमाध्यमावर जाण्याचं निम्मं कारण काहीतरी वाचायला मिळणं हे असतं, त्याची सोय केल्याशिवाय ती सवय सुटत नाही.

पाचवी पायरी: लिहिणं

इथे तांत्रिक माणसं हात झटकतात, पण ब्लॉग बंद पडतात ते इथेच.

समाजमाध्यमावरचं लिखाण आजच्या दिवसाला टेकून उभं असतं. ‘कालचा प्रकार पाहून संताप आला’ एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो, कारण त्याच्या पडद्यावर सकाळपासून तेच चाललेलं असतं. ब्लॉगचा वाचक तीन वर्षांनी शोधयंत्रातून येतो. त्याला ‘काल’ म्हणजे कधी ते माहीत नाही, ‘तो लेख’ म्हणजे कोणता ते माहीत नाही, तुम्ही कोण तेही माहीत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीवर पूर्ण तारीख हवी, ‘काल’च्या जागी दिवस हवा, ज्याबद्दल बोलताय त्याची लिंक आणि एका ओळीत त्याचा सारांश हवा. सारांश का, तर लिंक मरतात. समाजमाध्यमावरची पोस्ट ब्लॉगमध्ये चौकटीसकट रुतवली आणि मूळ लेखकाने ती काढली की तुमच्या लेखात भोक पडतं. त्यातली महत्त्वाची वाक्यं अवतरणात उतरवा, तारीख द्या, आणि जमल्यास इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या पानाची प्रत जतन करून तिचीही लिंक द्या. मजकुराचा स्क्रीनशॉट हा पर्याय नव्हे: तो शोधात येत नाही आणि स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.

शीर्षक नेमकं ठेवा. ‘मनातलं थोडंसं’ असं शीर्षक तुमच्या मित्रांना चालेल. ‘जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना वायफाय का चालत नाही’ हे अनोळखी माणसाला शोधता येतं.

सुरुवातीला तीन नोंदी तयार असल्याशिवाय ब्लॉग जाहीर करू नका. पहिली नोंद ‘नमस्कार, हा माझा ब्लॉग’ अशी असते आणि पुढची कधीच येत नाही. असे एका नोंदीचे ब्लॉग जालावर जागोजागी पडले आहेत. ओळख वेगळ्या पानावर द्या, नोंदींत सरळ विषयाला हात घाला. ३०० ते ७०० शब्द पुरतात. महिन्याला दोन नोंदींचा वेग धरा आणि तो चुकला तर ‘बरेच दिवस लिहिलं नाही, क्षमस्व’ ही नोंद लिहू नका. फीडच्या वाचकाला तुमचं न लिहिणं टोचत नाही, त्याच्या यादीत तुम्ही शांतपणे असता.

आकडे बघण्याचं साधन पहिले तीन महिने लावूच नका. लाइक मोजण्याची सवय घेऊनच माणूस इथे येतो. दिवसाला सात वाचक हा आकडा त्या सवयीला अपमान वाटतो. खरं तर सात माणसांनी शेवटपर्यंत वाचणं ही चांगली बैठक आहे.

समाजमाध्यमांचं काय करायचं

एकदम सोडायची गरज नाही. आधी स्वतःच्या जागी प्रसिद्ध करा, मग तिथली लिंक व दोन ओळी मॅस्टोडॉन, एक्स, फेसबुक, व्हॉट्सॲप जिथे तुमची माणसं आहेत तिथे टाका. स्वतःच्या संकेतस्थळावरच लिहावं असं मानणाऱ्या इंडीवेब चळवळीत या पद्धतीला ‘पॉसी’ म्हणतात. क्रम उलटा करू नका. आधी तिथे लिहून ‘नंतर ब्लॉगवर घेऊ’ म्हटलेलं सहसा तिथेच राहतं.

प्रतिक्रियांची सोय पहिल्या दिवसापासून हवीच असं नाही. ठेवलीत तर प्रत्येकाची पहिली प्रतिक्रिया तपासून सोडण्याचा पर्याय आणि स्पॅमगाळणी लावा, नाहीतर आठवड्यात जाहिरातींचा खच पडतो. लेखाखाली ईमेलचा पत्ता देणं अनेकदा जास्त चांगलं. ईमेल लिहायला जे कष्ट पडतात त्यातच नुसतं चिडलेले लोक गळतात. दुसऱ्याच्या ब्लॉगवरच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं तर आपल्या ब्लॉगवर लेख लिहा, त्याची लिंक द्या आणि त्याला कळवा.

बॅकअप

महिन्यातून एकदा निर्यात करा आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक ब्लॉगच्या सेवेबाहेर. एक गोष्ट लक्षात घ्या: वर्डप्रेसच्या निर्यातीच्या एक्सएमएल फाइलमध्ये चित्रं नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. नव्या जागी आयात करताना वर्डप्रेस ती चित्रं जुन्या संकेतस्थळावरून ओढतं. जुनं आधीच बंद केलंत तर लेख येतात आणि चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. चित्रांचा फोल्डर वेगळा उतरवा, आणि स्थलांतरानंतर जुनी जागा महिनाभर चालू ठेवा.

जुनं लिखाण आणताना

फेसबुकवरून आपल्या माहितीची प्रत मागवता येते. मागवताना एचटीएमएल स्वरूप निवडा. जेसन स्वरूपातल्या फाइलींत देवनागरी मजकूर चुकीच्या पद्धतीने साठवलेला असतो आणि उघडल्यावर चित्रविचित्र चिन्हं दिसतात; तो दुरुस्त करता येतो, पण त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहावा लागतो. एचटीएमएलची प्रत ब्राउझरमध्ये सरळ वाचता येते. त्याहून जुनं, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टंकलेलं काही संगणकावर पडलं असेल तर ते आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व इकार डोळ्यांनी तपासा. परिवर्तक तिथेच घसरतात.

सगळं आणू नका. हजार पोस्टींतून वीस निवडा, वर म्हटल्याप्रमाणे संदर्भ भरा आणि नोंदीला मूळ तारीख द्या. वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटच्या दहाच नोंदी असतात. तुमच्या दहा ताज्या नोंदी आधीच झालेल्या असतील तर मूळ तारखेने टाकलेलं जुनं लिखाण मागे जाऊन बसतं आणि वाचकांवर एकदम वीस लेख कोसळत नाहीत. आजची तारीख लावून ओळीने वीस टाकलेत, तर फीडवाचकातून नाव काढून टाकायला लोकांना एक टिचकी पुरते.